पंच्याहत्तर सूत

सोमवार, ३

ही वही मापांची आहे. डावीकडे लांबी, उजवीकडे रुंदी, खाली काचेची जाडी. चौतीस वर्षं काचा बसवतोय, पण माझ्या कुठल्याच वहीत याखेरीज काही लिहिलेलं नाही. आज मापं लिहून झाली तरी पेन खाली ठेववेना, म्हणून लिहितो.

वनस्पती उद्यानाच्या काचघराचं काम मिळालं. मोठ्या दालनाच्या छपरातल्या एक्केचाळीस काचा तडकल्या आहेत. कडाक्याची थंडी पडायच्या आत बदलायच्या. शेजारच्या बागेत मी कितीदा येऊन बसलोय, तळ्याकाठून ही इमारत पाहिली आहे, आणि दर वेळी मनात एकच आलंय, की एवढ्या काचा पुसतं कोण? आत मात्र कधी गेलो नव्हतो.

दार उघडलं आणि चष्मा एकदम आंधळा झाला. आत उबदार, ओलं, मातीच्या वासाचं. चष्मा पुसून वर पाहिलं आणि पाहतच राहिलो. काचा माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक सरकवलेल्या. पाणी पडलं की या काचेवरून त्या काचेवर, थेट पन्हळीत. काही काचांत बारीक बुडबुडे आहेत, म्हणजे त्या यंत्रातल्या नव्हेत, तोंडाने फुंकलेल्या. ज्याने हे बसवलं त्याचा हात कसा चालत असेल! असं वर बघत चालताना पाण्याच्या नळीत पाय अडकला आणि मी एका मोठ्या कुंडीला कडकडून मिठी मारली.

"सावकाश," मागून कुणीतरी म्हणालं. "इथे येणारे झाडं बघतात. छपराकडे बघत चालणारे तुम्ही पहिलेच."

मुख्य माळीणबाई होत्या. पन्नाशीच्या, कमरेला चाव्यांचा जुडगा, नखांत माती. मी म्हटलं, "माझं काम छपराशी आहे."

"ठाऊक आहे. परांची तुमचीच ना?" एवढं बोलून गेल्या. माझ्या परांचीने यांचं काय घोडं मारलंय, कळलं नाही.

मंगळवार, ४

परांची उभी राहिली, बांबू-फळ्यांची, थेट छपरापर्यंत. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, वीस वर्षं माझ्याबरोबर काम करतो. ही जाऊन सहा वर्षं झाली, तो मात्र आहे तिथेच आहे. माणसांकडून गोष्टी काढून घेणं त्याला छान जमतं. बाईंच्या रागाचं कारण त्याने अर्ध्या तासात शोधून आणलं.

दालनाच्या मधोमध एक पाम आहे. बाई तिला 'उंचाडी' म्हणतात. तिच्या शेंड्यातून नवं पान निघतंय. अजून घट्ट गुंडाळलेलं, भाल्यासारखं सरळ. त्याला पोंगा म्हणतात. तो आता छताला टेकायला आलाय. टेकला की काच फुटणार, आणि खाली बाकांवर लोक बसलेले असतात. म्हणून अधीक्षकसाहेबांनी ठरवलंय, की परांची उभी राहणारच आहे, तर अठ्ठावीस तारखेला तिच्यावर चढून शेंडा कापून टाकायचा.

"मग कापू देत. पुन्हा फुटेल," मी म्हणालो.

"भावोजी, मीही हेच म्हणालो. बाईंनी असं पाहिलं की मी शिडी गच्च धरली. पामला म्हणे फांद्या नसतात. शेंडा एकच. तो गेला की झाड गेलं."

वर चढलो तर पोंगा समोरच. हिरवा, वर जरा पिवळसर, तेल लावल्यासारखा तुकतुकीत. पट्टी धरली. काचेपर्यंत नऊ इंच तीन सूत. बारीक अंतरं मी सुतातच मोजतो. इंचात आठ सूत, म्हणजे झाले पंच्याहत्तर.

"किती आहे?" बाईंनी खालून विचारलं.

"पंच्याहत्तर!" मी ओरडलो. त्यांनी कागदावर टिपून घेतलं. मान वर करून बराच वेळ उभ्या होत्या.

गुरुवार, ६

काच उन्हात फुगते, म्हणून चौकटीत तिला दोन सूत जागा सोडावी लागते. मेहुणा खाली काचा कापत होता, त्याला मी वरून दोनदा ओरडून सांगितलं, "अरे, दोन सूत! दोन सूत पाहिजे!" थोड्या वेळाने दोरीला बांधलेल्या बादलीतून पांढऱ्या सुताची दोन रिळं वर आली.

"वेली बांधायचं आहे," बाई खालून म्हणाल्या. "पांढरं चालेल ना?"

मेहुण्याच्या हातातली काच कापायची हिरकणी सुटली. हसता हसता खालीच बसला. मी उतरलो, बाईंना पट्टी दाखवली, हा इंच, हे त्याचे आठ भाग, हा एक सूत. त्यांनी पट्टी हातात घेऊन दोनदा नीट समजून घेतलं. मग अंगठा आणि करंगळी ताणून पट्टीवर ठेवली.

"म्हणजे परवाचे पंच्याहत्तर ते एवढेच? एक वीत?"

"एवढेच. आणि रोज तीनेक सूत कमी होताहेत."

त्यांनी पट्टी परत दिली. मग म्हणाल्या, "आमच्या साहेबांना कळत असेल का हो सूत?"

"आता कुणाला कळतंय, बाई! सगळं सेंटीमीटरमध्ये."

"हं," त्या म्हणाल्या.

परतताना मेहुणा म्हणाला, "काय भावोजी, सूत जमलं म्हणायचं."

"कामाच्या वेळी चेष्टा नको."

"काम कधीच संपलंय. आपण बसस्टॉपवर उभे आहोत."

शनिवार, ८

नऊ काचा झाल्या. पोंग्याचं अंतर त्रेसष्ट सूत.

बाई कुंड्यांना पाणी कसं घालतात ते आज पाहिलं. हातात छोटी लाकडी हातोडी घेऊन रांगेतून चालतात आणि प्रत्येक कुंडीवर एक टिचकी. तहानलेली कुंडी खणकन वाजते, ओली बद्द वाजते. तीनशे कुंड्या, पाऊण तास, एकदाही बोट मातीत घातलं नाही. मी म्हटलं, आमच्यात उलटं आहे. धड काच खणकन वाजते, तडा गेलेली बद्द. त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. मी वाजवलेल्या सात कुंड्यांपैकी पाच बरोबर निघाल्या. "दोन झाडं मेली असती," त्या म्हणाल्या, "पण पहिल्या दिवशी माझी चार मेली होती."

दुपारचा डबा बागेत तळ्याजवळच्या तिसऱ्या बाकावर खातो. तिथे ऊन चांगलं येतं. बाईही तिथेच बसतात. मेहुणा म्हणतो तो बाक दुपारभर सावलीत असतो. असेल. थर्मासमध्ये चहा तीन कप करून नेतो. दोन केला की भांड्याला लागतो.

बाग म्हणजे मला आजवर बसायची जागा होती. बाईंबरोबर बसलं की ती निराळी दिसते. गवतावरून लोकांनी चालून चालून एक तिरकी पाऊलवाट पाडली आहे. पालिकेने तीनदा गवत लावलं, तीनदा लोकांनी तुडवलं. बाई म्हणाल्या, "चौथ्यांदा मीच सांगितलं, फरशा घाला. लोकांना कुठे जायचंय ते त्यांच्या पायांना ठाऊक असतं." तळ्यातल्या कमळांची पानं, खालच्या बाजूला त्यांच्या शिरा कशा जाळीसारख्या उभ्या असतात, ते त्यांनी एक पान उलटं करून दाखवलं. आमच्या छपराचं लोखंड अगदी तसंच आहे. बसवणाऱ्याने हे पान पाहिलं असणार, पैज लावायला तयार आहे.

मंगळवार, ११

मोठी बातमी. पाम कापायचं रद्द! कचेरीबाहेरच्या फळ्यावर लावलंय. मेहुण्याने ओरडून सांगितलं तेव्हा मी वर होतो. खरं सांगायचं तर पोंग्याच्या पाठीवर थाप मारली.

दुपारी फळा वाचायला गेलो. बाईंनी काल भरून दिलेला अहवालाचा कागद लावलाय. 'छतापासून अंतर : ७५'. पुढे काही नाही. इंच नाही, सूत नाही. त्याखाली साहेबांचा शेरा : 'पाऊण मीटर शिल्लक. कापणी यंदा नको. पुढील वर्षी विचार करावा.'

आज अंतर पंचावन्न सूत आहे. पाऊण मीटर नव्हे, वीतभरसुद्धा नाही.

डबा गोड लागला नाही. बाईंच्या हातून एकक लिहायचं राहिलं. घाईत असणार बिचाऱ्या. आठवड्यामागचा आकडा कसा घातला तेही कळत नाही. जुना कागद हाताशी आला असेल.

बुधवार, १२

बाईंना सांगितलं. वाटलं होतं दचकतील. त्या झारीत पाणी भरत होत्या, भरतच राहिल्या.

"राहिलं असेल लिहायचं," म्हणाल्या.

"पण साहेबांनी सेंटीमीटर धरलेत."

"त्यांनी धरले. मी कुठे धरायला सांगितले?"

"बाई, अठरा-वीस दिवसांत काचेला लागेल. खाली मुलं चित्रं काढत बसतात."

झारी भरून वाहायला लागली. "बाक मी हलवीन," त्या म्हणाल्या. "दोरी बांधीन. काच फुटली की तुम्ही नवी बसवा. तुमचं काम तेवढंच आहे ना? छपराशी?"

आपली चूक दुसऱ्याने दाखवली की कुणालाही लागतं. मीच जरा हळू सांगायला हवं होतं. तिसऱ्या बाकावर आज त्या आल्या नाहीत. मेहुण्याला दोन कप चहा प्यावा लागला.

शुक्रवार, १४

दोन दिवस काम धड झालं नाही. एक काच माझ्या हातून उलटी कापली गेली, असं शेवटचं कधी झालं होतं ते आठवत नाही.

वर उभं राहिलं की नव्या काचांतून सगळी बाग दिसते. तळं, तिरकी वाट, धावणारी माणसं, बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यांच्या चार टोप्या. मान वळवली की हातभर अंतरावर पोंगा. या छपराखाली इतकी वर्षं कुणीतरी शेगडी पेटती ठेवली, पाणी घातलं, पानं पुसली, तेव्हा हा इथवर आला. त्याला सांगावंसं वाटतं, बाबा, जरा दम धर. आणि खाली बाकावर एक मुलगी मान वर करून त्याचंच चित्र काढत असते. काच पाच मिलिमीटरची आहे. चाळीस फुटांवरून पडली तर काय होतं हे मी पाहिलेलं आहे.

सकाळी कचेरीत गेलो. साहेब भला माणूस आहे, फक्त टेबल सोडून उठत नाही. म्हणालो, "साहेब, चूक माझी. मी सुतात माप दिलं आणि सुतात आहे हे सांगितलं नाही. बाईंना काय कळणार!"

"सूत म्हणजे?"

पट्टी दाखवली. त्यांनी पेन्सिलीने हिशेब केला, चष्मा काढला. "म्हणजे चोवीस सेंटीमीटर?"

"ते तेव्हा. आता पंधरासुद्धा नाहीत."

"मग कापावं लागेल हो. अठ्ठावीसलाच."

"किंवा छप्पर वर करावं लागेल," मी म्हणालो. हे मी ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून निघालं आणि मग दिसायलाच लागलं. पंपघरामागे जुन्या छोट्या काचघराच्या लोखंडी चौकटी पडून आहेत. शेंड्याच्या बरोबर वरच्या सहा काचा काढायच्या, तिथे चार फूट उंचीची काचेची पेटी बसवायची. टोपी घालावी तशी. सगळ्या छपराला कशाला हात लावायचा, डोक्यापुरतं वाढवलं की झालं.

साहेबांनी खिडकीतून काचघराकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असावेत तसे. "सत्तावीसच्या संध्याकाळपर्यंत झालं तर ठीक. नाहीतर अठ्ठावीसला कापणारे येतील. त्यांना मी आजच सांगून ठेवतो."

सोमवार, १७

अंतर छत्तीस.

बाईंनी शनिवारी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेहुण्याला म्हणाल्या, "तुमचे भावोजी फार प्रामाणिक आहेत," आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे त्यांनी एखादी शिवी द्यावी तसं म्हटलं.

आज सकाळी मात्र थेट परांचीखाली आल्या. साहेबांनी सगळं सांगितलं होतं.

"माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमचा काय संबंध? एकक मी सांगायला हवं होतं. तुम्हाला सूत ठाऊक असायचं कारणच नाही."

"त्या गुरुवारी तुम्हीच नाही का पट्टी घेऊन शिकवलंत?"

"एका दिवसात कुणाच्या लक्षात राहतं! मला हे शिकायला महिना लागला होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. इतक्या, की डोळे पुसावे लागले. हसण्यासारखं काय होतं मला समजलं नाही. मेहुणाही तोंड फिरवून खांबाला रंग आहे का बघत होता.

"छप्परवाले," त्या म्हणाल्या, "चौकटी कुठे ठेवल्यात दाखवा. गंज मी काढते."

गुरुवार, २०

अंतर अठ्ठावीस.

चौकटी घासून झाल्या. बाईंचे हात कोपरापर्यंत तांबडे. लोखंड त्यांनी झाडासारखंच हाताळलं. कोपऱ्यात ब्रश जात नव्हता तिथे काडीला चिंधी गुंडाळून साफ केलं. एक चौकट काटकोनात नव्हती, ती माझ्याआधी त्यांच्या डोळ्यांना दिसली. विचारलं, कसं कळलं? म्हणाल्या, "रोप वाकडं लागलं की कळतं, तसं."

आज बागेत जायला वेळ नव्हता. त्यांनी चहा परांचीखाली आणला, आणि सोबत माझा डबाही, जो मी बाकावर विसरलो होतो. कालचा.

सोमवार, २४

अंतर पंधरा.

छप्पर उघडलं. थंड हवा आत आली तर शेंडा काळा पडेल, म्हणून भर दुपारी फक्त दोन तास उघडायचं असं बाईंनी ठरवलं. खालची वाफेची नळी पूर्ण सोडली. पोंग्याला जुनी लोकरीची शाल गुंडाळायची होती. बाईंना उंचीची भीती आहे, हे आज कळलं. सव्वीस वर्षं शिडीच्या पाचव्या पायरीपलीकडे गेल्या नाहीत. खालून सांगत होत्या, "सैल हं! तान्ह्या बाळाला गुंडाळतात तशी. आवळू नका!" मी गुंडाळली. मेहुणा म्हणाला, "भावोजी, आता मांडीवर घ्या."

दोन तासांत चारही खांब उभे राहिले. मग ताडपत्री टाकली आणि चारही कडा दाबल्या. रात्री वारा सुटू नये.

बुधवार, २६

अंतर नऊ. एका बाजूची काच उरली होती. वारा सुटला, चौकट जरा हलली, आणि बसवता बसवता काच कोपऱ्यातून तडकली. त्या मापाची दुसरी नाही, मागवली तर यायला तीन दिवस. मेहुणा फळीवरच बसला. बाई खालून विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

मग आठवलं. उतरवलेल्या जुन्या काचांपैकी दोन धड तुकडे मी घरी न्यायचे म्हणून बाजूला ठेवले होते, नुसते ठेवायला. बुडबुड्यांच्या काचा. एकीचं माप अर्ध्या इंचाने मोठं होतं. इतकी जुनी काच हिरकणीखाली कशी वागेल सांगता येत नाही. एकदाच रेघ ओढली, श्वास धरून. बाईंनी खालून विचारणं थांबवलं. टकटक केलं, आणि कड सरळ सुटली.

पाच वाजून दहा मिनिटांनी टोपी बंद झाली. शाल सोडली. काचेपासून पोंग्यापर्यंत आता चार फूट आणि वर नऊ सूत.

शुक्रवार, २८

साहेब काल खाली उभे राहून टोपी बघून गेले. टेबल सोडून आले होते. "छान दिसतंय हो," म्हणाले. पण कापणाऱ्यांना 'येऊ नका' सांगायचं तेच विसरले. सकाळी दोघं जण करवत घेऊन दारात हजर. "कुठलं झाड?" बाईंनी त्यांना हाताला धरून बागेत नेलं आणि धावण्याच्या वाटेवर लोंबणारी एक वाळकी फांदी दाखवली. तासाभरात काम करून, सही घेऊन, खूश होऊन गेले.

दुपारी मी वर होतो. परांची हलायला लागली. पाहतो तर बाई चढताहेत. डोळे समोर, दातांवर दात, मेहुणा खालून एकेक पायरी सांगतोय. शेवटच्या फळीवर मी हात दिला. त्यांनी माझा दंड इतका गच्च धरला, की उद्या तिथे वळ दिसेल.

मग हळूहळू डोळे वर केले. पोंग्याला वरून खालपर्यंत एक चीर पडली आहे. आतून पानाच्या घड्या दिसतात, मिटलेल्या पंख्यासारख्या, फिकट, अजून ओल्या. एक घडी सुटली होती आणि टोपीतल्या उन्हात थरथरत होती. बाजूच्या जुन्या काचेतले बुडबुडे तिच्यावर ठिपके टाकत होते.

"सव्वीस वर्षं मी हिचे नुसते पाय बघितले," बाई म्हणाल्या. खाली कुणीतरी मूल आईला विचारत होतं, त्या काकू तिथे काय करतात?

"चार फूट किती पुरतील?" मी विचारलं.

"पान उघडलं की थांबतं, खोड सावकाश वाढतं. सहा वर्षं. सात. तोवर मी निवृत्त."

"तेव्हा टोपी वाढवता येते," मी म्हणालो. "मी आहेच की."

त्यांनी दंड सोडला नाही. उंचीची भीती लगेच जात नाही.

शनिवार, २९

सगळ्या काचा बसल्या. झाडलोट झाली. आज परांची उतरवायची होती.

सकाळी साहेब विचारायला आले तर मेहुणा त्यांना म्हणाला, "परांची आणखी पंधरा दिवस राहू द्या, साहेब. काचांच्या कडेची पुट्टी ओली आहे. भावोजींना रोज वर जाऊन बघावी लागेल. आणि बाईंनाही, पानावर काही ठिबकतंय का ते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "असं असतं का हो?"

पुट्टी वाळायला परांची लागत नाही. मेहुण्याला हे वीस वर्षं ठाऊक आहे. तो असं धडधडीत खोटं का बोलला कळत नाही. सांगून झाल्यावर तो माझ्याकडे न बघता दोर गुंडाळत बसला, आणि एक क्षण मान वाकवण्याची त्याची तऱ्हा अगदी हिच्यासारखी दिसली.

मी साहेबांना खरं सांगायला हवं होतं.

"असतं," मी म्हणालो.